निघायच्या आधीची फेरी
वाचकांचे प्रश्न, गॅरेजवाल्या काकांची उत्तरं

गेल्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो : मागे काही जोडून न्यायचं असेल, किंवा गाडी नेहमीपेक्षा मोठी असेल, तर किल्ली लावायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारा. एवढ्यावर पत्रांचा ढीग आला. सोलापूरच्या होटगी रोडवर चौतीस वर्षं गॅरेज आणि ट्रॉलीचं वेल्डिंगकाम केलं. आता पुतण्या बघतो. पण एवढी चौकशी गॅरेज चालू असताना कुणी केली नव्हती. पाच पत्रं निवडली आहेत. सगळ्यांना सारखी जागा देता आली नाही, त्याबद्दल रागावू नका.

प्रश्न : आम्ही दोन कुटुंबं, मिळून सात माणसं, मे महिन्यात भाड्याची कॅराव्हॅन (चाकांवरचं घर) घेऊन विजापूर, बदामी, हंपी करणार आहोत. गाडी आदल्या संध्याकाळी पुण्याहून घरी येईल आणि पहाटे आम्ही निघू. मुलगा चालवणार. त्याला कारची सवय आहे, एवढ्या मोठ्या गाडीची नाही. मालकाने दोन पानी यादी पाठवली आहे, ती वाचून भीतीच वाढली. नेमकं काय बघायचं?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, जुळे सोलापूर

उत्तर : यादी फेकू नका, पण ती हातात धरून फेरीही मारू नका. डोळे कागदावर असले की गाडीवर नसतात. आधी फेरी मारा, मग यादी वाचा आणि काय राहिलं ते बघा.

फेरीचा नियम आमच्या वस्तादांनी घालून दिला. जो चालवणार त्यानेच मारायची. तुमच्याकडे म्हणजे मुलाने, तुम्ही नाही. ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात, तिथेच शेवट, दर वेळी एकाच दिशेने. एक हात गाडीच्या अंगावर. आणि तोंड बंद. मध्ये कुणी हाक मारली, फोन वाजला, तर परत ड्रायव्हरच्या दारापासून. ही काही सोलापूरभरच्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा नाही की हो, पंचवीस-तीस पावलांचं काम आहे. दोनदा झालं तर पाय झिजत नाहीत.

तोंड बंद का, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. १९९७ सालचा फेब्रुवारी, लग्नसराई. मेहुण्यांच्या घरचं कार्य मोहोळला होतं आणि जनरेटर दोन चाकी ट्रॉलीवर घालून जीपमागे न्यायचा होता. जोडणी मीच केली. पिन वरून घातली, तिच्या खालच्या भोकात क्लिप अडकवायला वाकणार तेवढ्यात पोरगं चहा घेऊन आलं. बशीत ओतून प्यालो, कप परत दिला आणि जिथे सोडली असं वाटलं तिथून पुढची फेरी पुरी केली. क्लिप माझ्या शर्टाच्या खिशात. पिन निघाली तरी ट्रॉली धरून ठेवणारी साखळी लावलीच नव्हती, कारण ‘पस्तीसेक किलोमीटर तर जायचंय’. कोंडी गावाच्या पुढे खडबडीत पट्टा लागला, पिन हिसके खात वर चढत गेली आणि निघाली. आरशात ठिणग्या दिसल्या, दांडी डांबरावर आदळली होती. ट्रॉली तिरकी होऊन रस्ता सोडून खाली ज्वारीत घुसली. मालदांडी उभी होती, माणसाच्या डोक्यावर गेलेली. तिनेच ट्रॉलीला थांबवलं. शेतमालक आला. नुकसानीचे पैसे दिले, त्याने शांतपणे मोजून घेतले आणि म्हणाला, “ज्वारीचं जाऊ द्या. सकाळच्याला ह्याच कडंनं पोरं शाळेला जात्यात.” तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते.

आता तुमची गाडी. आदल्या संध्याकाळी येतेय हे फार बरं. इंजिनाखाली आणि चारी चाकांच्या आतल्या बाजूला जुने पुठ्ठे टाकून ठेवा आणि पहाटे बॅटरी मारून बघा. स्वच्छ पाण्याचे थेंब असतील तर ते बहुधा एसीचं पाणी, सोडून द्या. काळपट डाग म्हणजे इंजिन ऑइल. पट्टीवर पातळी बघा आणि मालकाला फोन करा. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत लागणारं असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. मे महिन्यात त्याच्याशी तडजोड नको. आणि चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, तेलकट, फिकट पिवळा किंवा तपकिरी ओघळ दिसला तर तो ब्रेक ऑइलचा समजायचा. मग कुठलाही मुहूर्त असो, गाडी हलवायची नाही. खात्रीसाठी इंजिन चालू करून ब्रेकचं पेडल अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरा. पाय हळूहळू खाली जात राहिला तर कुठेतरी गळती आहे.

टायरला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण मेमध्ये आपल्याकडे दुपारी पारा त्रेचाळीसला टेकतो. हवा पहाटेच, गाडी हलायच्या आधी मोजायची. किती हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. टायरवर छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा, तो भरायचा आकडा नव्हे; पंपावरच्या पोरांना हे सांगून सांगून मी थकलो. या मापाच्या टायरमध्ये हवा चार-पाच अंशांनी तापली की दाब साधारण एक पाउंडाने चढतो. त्यामुळे दुपारी वाटेत मोजलं तर आकडा जास्त येणारच. तो बघून हवा सोडायची नाही. बहुतेक टायर फुटतात ते कमी हवेमुळे. कमी हवेचा टायर कुशीत, म्हणजे बाजूच्या भिंतीत, दबतो, दबून तापतो आणि तापून जातो.

दुसरं, टायरचं वय. कुशीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कॅराव्हॅन वर्षातले कितीतरी दिवस नुसती उभी असते. नक्षी नव्यासारखी राहते आणि रबर म्हातारं होतं. कुशीवर अंगठा दाबून फिरवा. केसासारख्या भेगा उघडताना दिसल्या, किंवा टायर सहा वर्षांच्या पुढचा निघाला, तर मालकाला बदलून मागा. स्टेपनीचेही आकडे वाचा. तिचं वय कुणी विचारत नाही.

मागे जोडचाकं, म्हणजे एकेका बाजूला दोन-दोन चाकं, असतील तर आतल्या टायरकडे मुद्दाम बघा. तो पूर्ण बसला तरी बाहेरचा टायर भार उचलून धरतो आणि गाडी सरळ उभी दिसते. वस्ताद टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, ठोकून बघायचे. भरलेल्या टायरवरून टॉमी उसळते आणि आवाज टणक येतो. बसलेल्यावर भद्द वाजतं आणि टॉमी तिथेच थांबते. दोन टायरांच्या फटीत दगड अडकलेला असला तर तोही तेव्हाच काढायचा. पळताना तो निसटला तर मागच्या गाडीच्या काचेवर जातो, नाही निसटला तर दोन्ही टायर खातो.

नट बघताना पाना लावायच्या आधी नुसतं बघा. नटाच्या बुडापासून गंजाची रेघ ओघळलेली असली तर आम्ही ‘नट रडतोय’ म्हणायचो. म्हणजे तो सैल आहे आणि तिथे लोखंड लोखंडावर घासतंय. आवळताना ओळीने नाही, समोरासमोरचे आवळायचे. वाटेत चाक बदलावं लागलं, तर तिथून पन्नास ते शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा पाना लावायचा.

बाकी गाडीचं अंग : बाजूचा ताडपत्रीचा मांडव गुंडाळून कुलूपबंद, पायरी आत, घरातून लावलेली विजेची वायर काढलेली, सांडपाण्याचा कॉक बंद, सामानाच्या कप्प्यांची दारं ओढून बघितलेली. छताची खिडकी खालून बंद दिसते, पण खटका लागलेला नसतो. आतून हाताने वर ढकलून बघा. गॅसच्या सिलिंडरची चावी सिलिंडरवरच बंद करायची, शेगडीच्या बटणावर विसंबायचं नाही.

उंची मोजा. जमिनीपासून छतावरच्या एसीच्या किंवा सौर पॅनलच्या वरच्या टोकापर्यंत टेप लावा, आकडा फूट आणि मीटर दोन्हींत कागदावर लिहा आणि स्टिअरिंगसमोर चिकटवा. हायवेच्या पुलांखाली अडचण नाही. अडचण येते ती रेल्वेच्या भुयारी वाटांच्या लोखंडी आडव्या खांबांशी, पेट्रोल पंपाच्या बसक्या छताशी, चिंचेच्या फांद्यांशी आणि आपल्याकडच्या स्वागत कमानींशी. आपल्या गावात कोणत्या बोळात कधी कमान उभी राहील, ते सिद्धरामेश्वरालाच ठाऊक.

वजनाचं बोलतो. आपण सोलापूरकर, चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावातली माणसं. रिकामी टाकी दिसली की भरायची, ही हाताला लागलेली सवय. पण शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. सात माणसांचे साडेचारशे-पाचशे किलो, बॅगा, सिलिंडर, कडक भाकरीचे डबे. आरसी बुकात गाडीचं कमाल भारासहित वजन दिलेलं असतं. ऊस आणि कापडाच्या गावात वजनकाट्यांना तोटा नाही. सगळं भरून, माणसं बसवून आदल्या रात्री एकदा काट्यावर गाडी घाला आणि पावती बघा. आकडा पुढे गेला तर आधी पाणी काढा, हंपीत पाणी मिळतं. जड सामान खाली आणि दोन धुऱ्यांच्या मध्ये ठेवा. शेंगाचटणीची काचेची बरणी डोक्यावरच्या कपाटात ठेवलीत, तर पहिल्या करकचून ब्रेकला ती कुणाच्या डोक्यात येईल ते सांगता येत नाही.

आणि चालत्या गाडीत पलंगावर कुणी झोपायचं नाही, लहान मुलांनी तर नाहीच. जितके पट्टे तितकीच माणसं. गाडी पाहायला आलेली दहातली आठ माणसं पलंग बघून ‘मस्त झोपून जाऊ’ म्हणतात, म्हणून आवर्जून लिहितो.

परवान्याचं मुलगा विचारेलच. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचं वाहन चालवता येतं. व्यावसायिक नोंदणीच्या वाहनांबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच कायम केलं. पण परवाना म्हणजे सवय नव्हे. जुळे सोलापुरात मोकळे प्लॉट अजून शिल्लक आहेत. संध्याकाळी तासभर मुलाला तिथे वळवायला, मागे घ्यायला लावा. मागचं चाक आणि मागचा बंपर यांत बरंच अंतर असतं. गाडी उजवीकडे वळली की शेपूट डावीकडे फिरते, हे कारवाल्याला एकदा डोळ्यांनी दाखवावं लागतं.

निघाल्यावर विसेक किलोमीटरवर, मंद्रूपच्या आसपास, सावली बघून थांबा. भीमा ओलांडून कर्नाटकात शिरायच्या आधी दुसरी फेरी. पहाटे उभ्या गाडीत जे दिसत नाही ते हलल्यावर दिसतं : सरकलेलं सामान, उघडलेला कप्पा, सैल झालेला नट. प्रत्येक चाकाच्या मधोमध हाताची मागची बाजू हळूच जवळ न्या, चिकटवू नका. चारही सारखी कोमट असतील तर ठीक. एकच चटका देत असेल तर त्याचा ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय. कुठली बाजू उन्हात होती तेही लक्षात घ्या. ऊन खाल्लेल्या बाजूचं चाक थोडं जास्त तापतं, तो दोष नाही. म्हणून एका बाजूची दोन्ही चाकं एकमेकांशी ताडून बघा.

प्रश्न : आमचा ऊस आमच्याच ट्रॅक्टरने दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला जातो. वडिलांच्या मते तपासणी म्हणजे टायरला एक लाथ. रिकामं परतताना मागची ट्रॉली फार हेलकावे खाते. हंगामाआधी काय करून घेऊ?
– एक शेतकरी, मोहोळ तालुका

उत्तर : वडिलांची लाथ अगदीच वाया जात नाही, तद्दन पंक्चर टायर तिने कळतो. अर्धी हवा गेलेला कळत नाही. त्यांना एक टॉमी आणून द्या.

हेलकाव्याचं मूळ बहुतेक वेळा दांडीच्या डोळ्यात, म्हणजे पिन जाते त्या कड्यात, असतं. पिन काढा आणि डोळ्यात बोट फिरवा. भोक गोल होतं ते लांबट अंड्यासारखं झालेलं लागेल. पिनेवर नख वरून खाली ओढा. जिथे खाच पडली तिथे नख अडकेल. मग ट्रॅक्टर पुढे जातो, ट्रॉली एक ठोका मागे राहून हिसका देते, आणि दोन ट्रॉल्या असल्या की पहिलीचा हिसका दुसरीत वाढून पोचतो. खाच वेल्डिंगने भरून देणारे भेटतील. मीही एके काळी दिली आहे, आज सांगतो की देऊ नये. पिन नवी, योग्य जाडीची घ्या आणि डोळा बदलून घ्या. पिनेच्या जागी बांधकामाची सळई कापून घातलेली मी दर हंगामात बघायचो. त्या सळईला ओढ सोसायची सवय असते, आडवा मार सोसायची नसते.

दुसरं कारण पाट्यांचे (स्प्रिंगचे) यू-बोल्ट, म्हणजे धुरा पाट्यांना आवळून धरणारे बोल्ट. सैल झाले की धुरा एका बाजूला किंचित मागे सरकतो आणि ट्रॉली खेकड्यासारखी तिरकी चालते. दांडीच्या टोकापासून दोन्ही चाकांच्या मध्यापर्यंत दोरी लावून मोजा. दोन मापं सारखी यायला हवीत. तिसरं कारण वेग, आणि त्याला पाना चालत नाही. रिकामी ट्रॉली हलकी असते म्हणून पोरं पळवतात, टेप मोठ्याने लावतात, आणि मागे काय चाललंय ते ना दिसतं ना ऐकू येतं. हेलकावा सुरू झाला तर करकचून ब्रेक मारू नका, स्टिअरिंगने सरळ करायलाही जाऊ नका. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि ती आपोआप शांत होऊ द्या.

क्लिप प्रत्येक पिनेला, साखळी प्रत्येक जोडाला. दोन ट्रॉल्या म्हणजे दोन जोड, हे लिहावं लागतंय यातच सगळं आलं.

तुमच्या प्रश्नात नसलेली, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे मागचा उजेड. ट्रॉलीमागे लाल दिवा आणि रेडियम आहे का, हे लोक रिकाम्या ट्रॉलीवर बघतात. बघायचं असतं ते ऊस भरल्यावर. फडातून ट्रॉली निघते तेव्हा वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, तुरे मागे लोंबत असतात आणि दिवा, रेडियम, नंबर सगळं त्यांच्या आड जातं. रात्री मागून येणाऱ्याला दिसतो तो फक्त अंधाराचा एक ढीग. म्हणून फेरी दोनदा : जोडल्यावर एक, भरल्यावर एक. दुसऱ्या वेळी कोयता हातात घ्या आणि लोंबतं ते छाटा. रेडियम बाजूलाही लावा, आणि दोन ट्रॉल्यांमधल्या दांडीवर तर नक्की लावा. चौकात ट्रॅक्टर वळत असताना मोटारसायकलवाल्याला पुढची ट्रॉली दिसते, मग मोकळी जागा दिसते, आणि तो त्या जागेत शिरतो. तिथे दांडी असते.

वाटेत पंक्चर झालं तर चाकांना लावलेले दगड निघताना उचलून कडेला टाका. रस्त्यात राहिलेला दगड तुमचा नसतो, पण ठेवलेला तुम्हीच असतो.

प्रश्न : उजनीच्या पाण्यावर आम्ही हिवाळ्यात पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवायला बोट चालवतो. फायबरची बोट छोट्या ट्रेलरवर, पिकअपमागे. बोट उतरवताना ट्रेलर पाण्यात घालावा लागतो. दर वर्षी एक तरी बेअरिंग जातं. ग्रीस भरपूर भरतो, तरी का?
– एक बोटचालक, करमाळा तालुका

उत्तर : तुमच्या ग्रीसचा दोष नाही, घाईचा आहे. वीस-पंचवीस किलोमीटर पळून आलेला हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, गरम असतो, आतली हवा फुगलेली असते. तसाच तो यशवंतसागराच्या, म्हणजे उजनीच्याच, थंड पाण्यात घातला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. मग ते पाणी ग्रीसमध्ये घुसळलं जातं. हब उघडाल तेव्हा ग्रीस ताकावरच्या लोण्यासारखं पांढुरकं दिसेल, तीच खूण. काठावर पोचल्यावर अर्धा तास थांबा, हात लावून हब निवल्याची खात्री करा, मगच पाण्यात घाला. तोवर दोऱ्या सोडा, पाहुण्यांना जॅकेट घाला. बोटीचं सगळं काम संपल्यावर दर हंगामाला हब उघडून धुवा, सील नवं टाका. सील स्वस्त असतं, बेअरिंग महाग, आणि बेअरिंग अडकून चाक निखळलं तर त्याची किंमत सांगत नाही.

जोडणीची एक चाचणी सांगतो, ती मला फार आवडते. ट्रेलरचा कपलर, म्हणजे दांडीच्या टोकाची वाटी, पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसवला, खटका लावला, पिन घातली. आता जॅक फिरवून दांडी वर उचला. कपलर खरंच पकडलेला असेल तर पिकअपचा मागचा भाग त्याच्याबरोबर जरा वर उचलला जाईल. नुसता वर टेकलेला असेल तर कपलर गोळ्यावरून सुटून वर येईल, आणि ते काठावर उभ्याने सुटलेलं बरं. मग जॅक खाली घ्या, त्याचं छोटं चाक पूर्ण वर गुंडाळा. साखळ्या दोन, दांडीखालून एकमेकींना छेदून, म्हणजे दांडी निसटली तर झोळीत पडेल. जमिनीला घासतील इतक्या लांब नकोत, वळताना ताणतील इतक्या आखूड नकोत.

बोट ट्रेलरवर किती पुढे घ्यायची, याचं ढोबळ माप : एकूण वजनाचा दहावा हिस्सा दांडीवर यावा. घरातला वजनाचा काटा फळीवर ठेवून दांडीचं टोक त्यावर टेकवलं की कळतं, फक्त काट्याची मर्यादा आधी बघा. भार मागे गेला की ट्रेलर पिकअपची शेपटी धरून हलवतो. मागे इंजिन लावलेल्या बोटीत हे हटकून होतं. बोट चढवली की ती नुसत्या पुढच्या दोरीने नाही, मागच्या दोन्ही कोपऱ्यांनाही पट्ट्याने बांधा.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतून पिकअप आणि छोट्या ट्रेलरवर टॉवेल-चादरीचे गठ्ठे पाठवतो. ट्रेलरचा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही मिणमिणत लुकलुकतो. तीन बल्ब बदलले. आणि सकाळी ड्रायव्हर एकटा असतो, मागचे दिवे बघायला दुसरं माणूस नसतं.

उत्तर : चौथा बल्ब आणू नका. अर्थिंग गेलंय. बल्बमधून परतीच्या वाटेने वीज जायला जागा मिळत नाही म्हणून ती शेजारच्या बल्बमधून वाट काढते, आणि तोही मिणमिणतो. ट्रेलरचं अर्थिंग नुसतं गोळ्याच्या लोखंडातून घेतलेलं असेल तर हे कायम होणार. तिथे ग्रीस असतं, गंज असतो. प्लगमधून वेगळी अर्थिंगची वायर घ्या. सांगाड्यावर जिथे ती बोल्टने बसते तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करा, मगच आवळा. प्लग जोडल्यावर वायरला वळणापुरता ढिलेपणा हवा, पण ती रस्त्याला लोंबायला नको.

एकट्या ड्रायव्हरसाठी : उजाडायच्या आधी गाडी कारखान्याच्या भिंतीकडे पाठ करून उभी करा. सीट आणि ब्रेक पेडल यांच्या मध्ये बेताच्या लांबीची काठी अडकवली की ब्रेक दाबलेला राहतो. मग खाली उतरून सावकाश मागे जाऊन बघता येतं. निघताना काठी काढायची. हे हसण्यावारी नेऊ नका, एकाने ती तशीच ठेवून मला फोन केला होता की गाडी ओढत नाही.

गठ्ठ्यांचं एकच. चादरीचे गठ्ठे वरून हलके दिसतात आणि पावसात भिजले की दुप्पट होतात. ताडपत्री बांधल्यावर तिची मोकळी टोकं दिव्यांवर येत नाहीत ना, एवढं बघा.

प्रश्न : मी बार्शीला कॉलेजात आहे. सुट्टीत वडिलांच्या टेम्पोवर जाते, आता ते मला चालवूही देतात. मी फेरी मारायला लागले की माल भरणारे हसतात आणि ‘ताई, गाडी चोरायची हाय व्हय’ म्हणतात. आणि तुमची फेरी नेमकी किती वेळात होते?

उत्तर : हसू दे. फेरीत बोलायचं नसतंच, त्यामुळे तुला उत्तरही द्यायचं नाही. त्यांच्यातल्या एखाद्याला मागच्या दिव्यापाशी उभं कर आणि ‘इंडिकेटर लागला की ओरड’ म्हणून सांग. काम दिलं की माणूस हसायचा थांबतो.

नुसत्या टेम्पोला मला चार मिनिटं लागतात, मागे काही जोडलं असेल तर दहा-बारा. तुला पहिला महिना पंचवीस लागतील. वडिलांना पंचवीस मिनिटं आधी उठवावं लागेल, ते मात्र तुझं तू बघ.